तीन बोटांची परीक्षा

लेख वाचायला घेण्याआधी एक छोटंसं प्रॅक्टिकल करा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही तीन बोटं एकमेकांना चिकटवा, एकावर एक येतील अशी उभी धरा, तोंड जास्तीत जास्त उघडा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये ती बसतात का बघा. (मेसमध्ये वाचत असाल तर आधी हात धुवा. समोर रेक्टर सर नाहीत ना, हेही बघा.) बसली? छान. पुढे वाचा. नाही बसली, तर मग नक्कीच पुढे वाचा.

माझ्या रूम पार्टनरची दोनच बसली होती. तीसुद्धा तिरकी करून.

तो विदर्भातला. पहिल्या वर्षी मेसच्या भाजीला 'हे काय गोड पाणी बे' म्हणून नावं ठेवायचा आणि घरून आणलेली ठेच्याची बरणी दोन दिवसांत संपवायचा. तोच माणूस तिसऱ्या सेमिस्टरला मिसळ बघून मागे सरकायला लागला. तोंडात आग होते म्हणे. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. ठाण्याचं पाणी लागलं म्हटलं गड्याला! मग त्याने वडापाव चावून खायचं सोडलं, हाताने तुकडे करून खायला लागला. जांभई देताना गाल धरायला लागला. आम्हाला यातलं एकही लक्षण म्हणजे 'लक्षण' वाटलं नाही. एका खोलीत चार भावी इंजिनिअर, आणि चौघांपैकी एकालाही शंका येऊ नये!

तंबाखू त्याने आयुष्यात कधी खाल्ली नव्हती आणि त्याचा त्याला चांगलाच अभिमान होता. तो खायचा ती सुपारी. पुडीतली, गोड, वासाची. दिवसाला आठ-दहा पुड्या, सबमिशनच्या आठवड्यात मोजदाद नाही. 'नुसती सुपारी तर आहे बे. पूजेत गणपती म्हणून मांडतात ती वस्तू वाईट कशी असेल?' हा त्याचा युक्तिवाद. खरं सांगतो, मला तो बिनतोड वाटायचा.

शेवटी अक्कलदाढ दुखायला लागली म्हणून मी त्याला एका डेंटल ओपीडीत घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दाढेकडे बघायच्या आधी त्याला तोंड उघडायला लावलं, दातांमध्ये पट्टी धरली आणि विचारलं, "चोवीस मिलिमीटर. सुपारी कधीपासून खातोस?" त्याने तोपर्यंत सुपारीचं नावही काढलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय शिकतोस?"

"मेकॅनिकल, मॅडम."

"मग तुला पटकन कळेल. याच्या गालाचं इलॅस्टिक लिमिट ओलांडलं गेलंय."

हे वाक्य डोक्यातून जाईना. माझी मावसबहीण एमबीबीएस करते. तिचं पॅथॉलॉजीचं ते जाडजूड पुस्तक मी दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीला उचलून आणलं आणि त्यातलं सुरुवातीचं, पेशींवरचं प्रकरण दोनदा वाचलं. (मशीन डिझाइनचं पुस्तक अजून एकदाही वाचलेलं नाही. असो.) त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी लिहायची सवय कमी, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनीच माइल्ड स्टीलचा रॉड मशीनवर ओढलाय. इलॅस्टिक लिमिटच्या आत भार काढला की रॉड मूळ लांबीवर येतो. यील्ड पॉइंट ओलांडला की तो कायमचा लांबतो. पुढे कंबर बारीक होते आणि मग तो 'ठाप्प' आवाज, ज्याने लॅबमधले सगळे दचकतात. पेशीचंही साधारण असंच असतं. थोडा ताण सोसते, जास्त झाला तर तिला इजा होते पण ताण गेला की सावरते, आणि त्याच्याही पलीकडे गेलं की मरते. फरक एवढाच की आपल्यावर भार आलाय हे स्टीलच्या रॉडला कळत नाही. पेशीला ते कळतं, आणि ती स्वतःला बदलून घेते. १८५८ साली रुडॉल्फ फिर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरने 'आजार म्हणजे मुळात पेशीतला बिघाड' असं सांगणारं पुस्तक लिहिलं. पॅथॉलॉजी अजून त्याच पायावर उभी आहे.

पेशी बदलते म्हणजे काय करते? कल्याण जंक्शनवरच्या एखाद्या जुन्या हमालाचे दंड बघा. रोज डोक्यावर बॅगा चढवून स्नायूंवर भार पडतो, तेव्हा स्नायूपेशी संख्येने फारशा वाढत नाहीत, तर एकेक पेशी आतून जाडजूड होते. तिच्यात आकुंचनाची प्रथिनं जास्त तयार होतात. याला हायपरट्रॉफी म्हणतात. जिममध्ये आरशासमोर उभे राहणाऱ्यांनो, तुमचंही तेच. पण हीच गोष्ट वाढलेल्या ब्लडप्रेशरमुळे हृदयाची झाली तर कौतुक करण्यासारखं काही नाही. पाइपलाइनमधलं प्रेशर वाढलं म्हणून पंपाच्या भिंती जाड होतात, पण त्या जाडीला पुरेल एवढा रक्तपुरवठा वाढत नाही. बाहेरून दणकट दिसणारा पंप आतून उपाशी राहतो.

जिथे पेशींना विभागता येतं तिथे त्या संख्या वाढवतात, म्हणजे हायपरप्लेझिया. यात यकृताचा हात कोणी धरू शकत नाही. नातेवाइकाला यकृताचा मोठा तुकडा दान केलेल्या माणसाचं उरलेलं यकृत काही महिन्यांत जवळपास पहिल्याएवढं भरून येतं.

उलटा प्रकार मी स्वतःवर बघितलाय. बारावीत असताना पावसात रेल्वेच्या पुलावरून घसरलो आणि डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेचना! बाबांनी टेप आणून दोन्ही दंड मोजले आणि आईला हाक मारून दाखवले. काम नाही म्हटल्यावर पेशी खर्च कमी करते, स्वतःचेच घटक मोडून त्यांच्यावर गुजराण करते. महिनाअखेरीस आपण जुनी जर्नल्स रद्दीत घालून चहाचे पैसे काढतो, तसंच. या स्वतःलाच खाण्याच्या यंत्रणेचं नाव ऑटोफॅजी. तिचा शोध घेतल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. आणि अशा आक्रसण्याला म्हणतात अॅट्रॉफी. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

चौथा प्रकार मला सर्वात चलाख वाटला. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, ते सतत हलून धूळ आणि कफ वर ढकलत असतात. सिगारेटचा धूर रोज लागला की या नाजूक पेशींच्या जागी चपट्या, थरांच्या, दणकट पेशी येतात. त्यांना धूर सोसतो, पण त्यांना केस नसतात. म्हणजे सोसायटीने झाडूवाले काढून त्यांच्या जागी वॉचमन ठेवले. वॉचमन धट्टाकट्टा आहे, पण कचरा कोण उचलणार? म्हणून खोकून खोकून कफ काढावा लागतो. हा मेटाप्लेझिया. सिगारेट सुटली तर बऱ्याचदा मागे फिरतो. नाही सुटली तर याच बदललेल्या थरात पुढे पेशींची रांग बिघडते, आकार वेडेवाकडे होतात, आणि तिथून कॅन्सरकडे रस्ता जातो.

याशिवाय पेशीची एक तातडीची यंत्रणाही आहे. रितोसा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या इनक्युबेटरचं तापमान कोणीतरी चुकून वाढवलं. दुसरं कोणी असतं तर सॅम्पल फेकून दिलं असतं. याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे आलेले! १९६२ साली त्याने ते छापलं. पुढे कळलं की उष्णतेने प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, आणि त्या परत नीट घालायला पेशी खास मदतनीस प्रथिनं बनवते. लॅबमध्ये रीडिंग चुकलं की आपण शेजारच्याचं कॉपी करतो, ते का करू नये याचं हे मला मिळालेलं सर्वात चांगलं उदाहरण.

आता सहनशक्ती संपते तेव्हाचं बघू. इथे मला आईबाबांकडून ऐकलेलं २००५-०६ च्या सुमाराचं भारनियमन आठवतं. वीज गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा, एक ट्यूब. बिल्डिंगचा पंप मात्र बंद. पेशीला प्राणवायू मिळेनासा झाला की डिट्टो हेच. तिचं वीजघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतं. इन्व्हर्टरसारखी एक तात्पुरती सोय चालू होते, साखर अर्धवट जाळायची. तिच्यातून ऊर्जा अगदी थोडी मिळते आणि वर आम्ल साठत जातं. पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, त्यांना तेवढी वीज पुरत नाही. सोडियम आत राहतो, त्याच्यामागून पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. तळघरातलं पाणी उपसणारा पंप भर पावसात बंद पडावा, तसं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं त्या कल्याण-बदलापूरच्या लोकांना हे जास्त समजावून सांगायला नको.

इथपर्यंत वीज परत आली तर पेशी वाचते. किती वेळ वाचते हे मात्र पेशीपेशीवर आहे. मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच हातच्या जातात. हृदयाच्या पेशी रक्त थांबल्यावर साधारण मिनिटभरात आकुंचन पावायचं थांबवतात, पण मरायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. हातापायाचा स्नायू दोन-तीन तास तग धरतो. म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला 'अॅसिडिटी असेल, सकाळी बघू' म्हणणं किती महागात पडतं बघा. पेशीची भिंत फुटली की आतला माल रक्तात येतो. हार्ट अटॅकच्या संशयात रक्तात ट्रोपोनिन तपासतात ते हेच, फुटलेल्या हृदयपेशींमधून सांडलेलं प्रथिन.

पेशीच्या मरणाचेही दोन प्रकार आहेत. फायनल इयरचा शहाणा सीनियर हॉस्टेल सोडताना काय करतो? सामान बांधतो, नो ड्यूज घेतो, चावी देतो आणि शांतपणे जातो. पेशीही असं ठरवून मरू शकते. ती आक्रसते, स्वतःची छोटी गाठोडी बांधते, शेजारच्या पेशी ती उचलून नेतात, कुठे गडबड नाही. १९७२ साली याला अपॉप्टोसिस हे नाव मिळालं, ग्रीक भाषेतल्या पानगळीवरून. आईच्या पोटात असताना आपल्या बोटांमधले पडदे असेच गेले, नाहीतर आपण सगळे बदकासारखे पंजे घेऊन लेक्चरला बसलो असतो. दुसरा प्रकार नेक्रोसिस, म्हणजे पाइप फोडून खोली सोडणं. सगळा माल बाहेर सांडतो, आजूबाजूला दाह होतो, सूज येते, आणि मग दुरुस्तीची टोळी येते.

या दुरुस्तीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मित्राची गोष्ट तिथेच अडकली आहे.

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या हाताला खिडकीची काच लागून मोठी जखम झाली. टाके पडले. आज तिथे पांढुरकी, चकचकीत, जराशी ताणलेली रेघ आहे. ती कशी बनते? आधी रक्त गोठतं, मग पहिल्या दिवसात पांढऱ्या पेशी येऊन जंतूंशी मारामारी करतात, त्यांच्यामागून कचरा उचलणाऱ्या पेशी, आणि मग फायब्रोब्लास्ट नावाचे गवंडी. हे गवंडी कोलॅजेनचे धागे विणतात. टाके काढतात तेव्हा, म्हणजे आठवडाभराने, जखमेची ताकद मूळ त्वचेच्या फक्त दहा टक्के असते. तीन महिन्यांत सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते. पुढे फारशी वाढत नाही. घामाच्या ग्रंथी, केस यातलं काही तिथे परत येत नाही. पॅच तो पॅच. पण काम झालं की गवंडी जातात आणि व्रण तिथेच थांबतो. थांबतो, हे महत्त्वाचं.

आता सुपारी. तिचे खरबरीत तुकडे गालाच्या आतल्या मऊ अस्तराला दिवसभर घासत राहतात. त्यातलं अॅरेकोलीन हे रसायन अस्तराखालच्या फायब्रोब्लास्टना कोलॅजेन बनवायला चेतवतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं, आणि कोलॅजेनच्या धाग्यांना आडव्या गाठी मारणारं जे एन्झाइम आहे ते तांब्यावरच चालतं. शिवाय जुनं कोलॅजेन मोडून नेण्याचं कामही मंदावतं. म्हणजे बांधकाम जोरात, पाडकाम बंद! जखम कुठेच दिसत नाही, पण दुरुस्तीची टोळी दिवसाला आठ-दहा वेळा बोलावली जाते आणि ती दर वेळी इमानदारीत येऊन थोडं सिमेंट ओतून जाते. गालाखाली दोरीसारखे पट्टे तयार होतात. त्यांच्या दाबाखाली रक्तवाहिन्या कमी होतात, वरचं अस्तर उपाशी पडून पातळ होतं. (आली बघा अॅट्रॉफी.) पातळ अस्तराला तिखट झोंबतं, म्हणून ठेचा खाणारा गडी मिसळीला घाबरतो. मग पट्टे आवळतात आणि तोंड उघडेनासं होतं. मॅडम म्हणाल्या ते इलॅस्टिक लिमिट ते हेच. पेशीने कुठेही चूक केलेली नाही, ती तिला येतं तेच करत राहिली.

या आजाराचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा प्रकार नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी भारतातल्या रुग्णांवर लिहून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं. म्हणजे आफ्रिकेत गेलेल्या आपल्या लोकांनी सुपारीबरोबर आजारही नेला होता. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हटलं की आपल्याला फक्त फिजिक्स आठवतं, पण तिथे दातांच्या संशोधनाचाही एक विभाग होता. त्यांनी केरळमधल्या अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला, ७.६ टक्के. मित्राला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे ब्याण्णव टक्के पास." त्याला हसू आलं, पण पूर्ण हसता येत नव्हतं.

आणि 'तंबाखू नाही, नुसती सुपारी' या बचावाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायचं पानसुद्धा, आणि सुपारी स्वतःसुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. पहिल्याच गटात, तंबाखूच्या पंगतीला. महाराष्ट्रात गुटखा-पानमसाल्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पुढे सुगंधी सुपारीही त्यात आली. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला तर २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे. आपल्या गेटपासून टपरीपर्यंतचं अंतर सर्व्हेइंगच्या टेपने मोजायचं काम सिव्हिलवाल्यांवर सोडतो.

तोंडाच्या कॅन्सरचा विषय आपल्याकडे खरा लावून धरला तो डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. जन्म १८९५, क्वेट्टाचा. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या, आणि १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. अमेरिकेत त्या जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेला पेशी पहिल्यांदा बाटलीत वाढल्या तेच हे गाय. परत येऊन १९६० च्या दशकात रणदिवेंनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. माणसाला त्रास न देता बाटलीतल्या पेशींना ताण देऊन बघायची सोय झाली. सुपारीबद्दल आज जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं अशाच बाटल्यांमधून आलंय. आमच्या शाळेत मादाम क्युरीवर निबंध असायचा. रणदिवेंचं नाव मी पहिल्यांदा गुगलच्या डूडलवर वाचलं, २०२१ साली.

मित्राचं पुढे काय झालं, हे विचारणार तुम्ही. सुपारी सुटली. सहज नाही सुटली. पहिल्या दोन आठवड्यांत तो आमच्याशी दोनदा भांडला आणि एकदा रात्री अकराला टपरीवर जाऊन हात हलवत परत आला. त्याची आई गावाहून आली तेव्हा तिला आधी वाटलं की मुलगा दारू-बिरू पितो. सुपारी ऐकल्यावर म्हणाली, "एवढंच ना बाबू?" मग मी माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत तिला गवंड्यांची गोष्ट सांगितली. तिने पिशवीतून स्वतःची सुपारीची डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत पिशवीत ठेवली. पुढचं काही बोलली नाही.

मॅडमनी सांगितलं तेही लिहितो: सुपारी बंद केली तर आजार पुढे सरकायचा बहुतेक थांबतो, पण बनलेले पट्टे आपोआप विरघळत नाहीत. त्यासाठी गालात इंजेक्शनं, तोंड उघडायचे व्यायाम, फारच आवळलं तर ऑपरेशन. आणि वर्षानुवर्षं तपासणी, कारण कॅन्सरची शक्यता तोंड थोडं उघडलं म्हणून संपत नाही.

व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. जेवढ्या मावतील तेवढ्या दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, काही मिनिटं धरायच्या, आणि जमेल तशी एक एक वाढवायची. रोज रात्री अकराला तो काड्या तोंडात धरून बसतो आणि आम्ही बाकीचे तिघे तेवढ्या वेळात त्याला हवं ते ऐकवून घेतो, कारण त्याला उत्तर देता येत नाही. दर रविवारी मी स्टीलच्या पट्टीने मोजतो. (व्हर्निअर आणला होता, त्याने स्पष्ट नकार दिला.) आकडे आमच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले आहेत. सुरुवात २४. दिवाळीनंतर २५. जानेवारीत २७, फेब्रुवारीत परत २६, तेव्हा परीक्षा होती आणि काड्या राहून गेल्या. गेल्या रविवारी २९.